बाण असलेला फ्यूज

शुक्रवारी संध्याकाळी बुटाची नाडी सोडता सोडता काटेसाहेब म्हणाले, "सोमवारी राजीनामा देतोय." एवढं बोलून मोजे बुटात कोंबले आणि हातपाय धुवायला आत निघून गेले. जणू सोमवारी दळण टाकायचंय, इतक्या सहज! बाई गॅसपाशी उभ्या होत्या. आमटी उतू जायला आली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता काटेसाहेब कोण आणि बाई कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, दुकानदाराचा वजनकाटा पुसायचा, त्यावर आपलं वजन ठेवायचं आणि काटा खोटा निघाला की तिथल्या तिथे सील ठोकायचं. सव्वीस वर्षं हेच केलं, त्यामुळे सगळं गाव त्यांना काटेसाहेबच म्हणायचं. स्वभावानं गरीब, पण काट्यापुढे सख्ख्या मेहुण्याचीही भीड नाही. मेहुण्याचं किराणा दुकान होतं आणि त्याच्या काट्यालाही यांनी एकदा सील ठोकलं होतं. पुढे वर्षभर त्या घरचं आमंत्रण आलं नाही.

बाई म्हणजे त्यांची बायको. ती मोठ्या दवाखान्यात कान तपासायची. काच लावलेली छोटी बंद खोली, आत पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. बाहेरून बाई बारीकसा 'बीप' सोडणार आणि ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. बावीस वर्षं झाली या कामाला. दवाखान्यात त्यांना कुणी बीपबाई म्हणायचं, घरी सगळे नुसतं बाई म्हणायचे. म्हणजे बघा, एका घरात नवराबायको, आणि दोघंही मोजण्यातली! आणि घोळ झाला तो नेमका मोजण्यातच.

साहेबांना एकच वेड होतं, गाणं ऐकण्याचं. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा गाणं वाजवणाऱ्या यंत्रांचं. बैठकीच्या खोलीत भला थोरला अँप्लिफायर, दोन्ही कोपऱ्यांत कमरेएवढे स्पीकर, आणि बसायला जागा कुठे म्हणाल तर बरोब्बर मध्ये दोन खुर्च्या. पाहुणे आले की बिचारे पलंगाच्या कडेवर टेकायचे. आणि गेली आठ वर्षं या वेडाला फ्यूजचा फाटा फुटला होता.

फ्यूज म्हणजे काय? यंत्राच्या पाठीमागे एक काचेची चिमुकली नळी असते आणि तिच्यात केसासारखी बारीक तार. वीज वाजवीपेक्षा जास्त आली की तारेनं वितळून जायचं आणि यंत्र वाचवायचं. बस, एवढंच तिचं काम. पण काटेसाहेबांचं म्हणणं असं, की सगळी वीज त्या तारेतूनच जाते ना? मग तार जितकी उत्तम, तितका आवाज निर्मळ. त्यासाठी खास फ्यूज मिळतात. चिनीमातीचं कवच, आत चांदीची तार, आणि अंगावर एक बारीक बाण, वीज कुठून कुठे जावी ते दाखवणारा. घरातली वीज एका सेकंदात पन्नास वेळा उलटसुलट धावते, तिला बाण दाखवून काय उपयोग, असं कुणी विचारलंच तर साहेब नुसते हसायचे. म्हणायचे, "कान तयार व्हावे लागतात, राव."

आणि तयार कान कुणाचे? बाईंचे.

याची सुरुवात झाली त्या वर्षी मुलगी शिकायला परदेशी गेली होती. घर एकदम सुनं पडलं. साहेब ऑफिसातून यायचे, दोन घास खायचे, भिंतीकडे बघत बसायचे. यंत्राला हातसुद्धा लावेनात. मग कुठूनसा पहिला फ्यूज आणला. रविवारी दुपारी चहा झाल्यावर तो बसवला, व्हायोलिनची रेकॉर्ड लावली, बाईंना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काय वाटतं?" बाईंना काय वाटणार? कालच्यासारखंच वाजत होतं. पण त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्या तोंडावर जीव आला होता. बाई म्हणाल्या, "जरा मोकळं वाटतंय नाही?"

झालं! साहेब उठले, खिडक्या उघडल्या, त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. खोटं म्हणावं एवढंही ते मोठं नव्हतं. आजाऱ्याला आपण 'आज बरा दिसतोस हं' म्हणतो, त्यातलंच ते. पण मग दुसरा फ्यूज आला, तिसरा आला, आणि दर वेळी तोच प्रश्न. बाई साहेबांच्या भुवया बघायच्या. भुवया वर असल्या की "स्वच्छ झालंय", कपाळाला आठी असली की "आधीचाच बरा होता." आठ वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

सासूबाई तेवढ्या पलंगावरून सरळ सांगायच्या, "मला तर तेच वाजतंय."

"आई, आधी ते कानातलं मशीन लाव."

"मशीन लावूनच सांगतेय मेल्या!"

त्यांचं कोण ऐकतो!

तर त्या शुक्रवारी जेवताना बाईंनी विषय काढला. "अहो, पेन्शनला चार वर्षं राहिलीत. आता कसला राजीनामा?"

"चार वर्षं अजून दुकानदारांशी भांडू? कंटाळलो गं. फ्यूजवाल्याबरोबर भागीदारीत काढतोय. मोठं दुकान नाही, एक खोली. लोकांनी यायचं, बसायचं, आधीचा फ्यूज ऐकायचा, नवा ऐकायचा. आपण बळंच कुणाच्या गळ्यात मारायचं नाही."

फ्यूजवाला म्हणजे ज्याच्याकडून साहेब इतकी वर्षं फ्यूज घेत आले तो. माणूस तसा वाईट नव्हता. आपल्या मालावर त्याचा स्वतःचाच एवढा विश्वास, की लबाडी करायची त्याला गरजच पडत नसे.

"आणि घेणार कोण?" बाईंनी विचारलं.

"ऐक तर. तो मला म्हणतो, काटेसाहेब, तुमच्याकडे जे आहे ते या धंद्यात कुणाकडेच नाही. म्हटलं, काय बुवा? तर म्हणतो, वहिनी!" साहेब खुशीत हसले. "पाटीवर लिहिणार आहोत, बावीस वर्षं कान तपासणाऱ्या तज्ज्ञानं पारखलेले फ्यूज. तुझं नाव टाकणार नाही, घाबरू नकोस."

बाईंच्या तोंडात भाकरीचा तुकडा नुसता फिरायला लागला. "तुम्हाला स्वतःला काय ऐकू येतं?"

"मला? येतं की! पण माझं सोड. मी पडलो घेणारा, घेणाऱ्याला ऐकू येणारच. तू सांगतेस म्हणून मी निर्धास्त आहे." आणि त्यांनी आमटी मागून घेतली.

बाईंनी आमटी वाढली. बोलायचं ते राहूनच गेलं. बोलणार तरी काय? गेली आठ वर्षं मी तुमच्या भुवया ऐकत होते, असं सांगायचं?

शनिवारी दवाखान्यात एक आजोबा आले. धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले, बरोबर सून. बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. मशीन सुरू करायच्या आधी त्या कागदावर काही लिहायला वाकल्या, तर आतून आजोबांनी बटण दाबलं. बाईंनी वर पाहिलं. पुन्हा लिहायला मान खाली घातली, पुन्हा बटण! बाईंनी दार उघडलं.

"आजोबा, मी अजून काही वाजवलंच नाही."

आजोबा ओशाळले. "तुम्ही मान हलवली ना, मला वाटलं वाजवलं असेल. तुम्ही एवढ्या मन लावून करताय, मग ऐकू येत नाही असं कसं म्हणायचं?"

हे काही नवीन नव्हतं. माणसं तपासणाऱ्याचा खांदा बघतात, बोट बघतात, तोंड बघतात आणि बटण दाबतात. म्हणून तर बाई हात टेबलाखाली ठेवायच्या आणि चेहरा पाटासारखा. नवीन पोरी कामाला लागल्या की पहिला धडा त्या हाच द्यायच्या. पण त्या दिवशी आजोबांच्या खुर्चीचं तोंड भिंतीकडे फिरवताना बाईंना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्यांना शिकवतो, आणि घरी आपण काय करतो?

रविवारी चहाचे कप विसळून बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज माझ्या पद्धतीनं करू. दवाखान्यात करतो तसं."

साहेबांना तर आनंदाचं भरतंच आलं. "अरे वा! म्हणजे पाटीवर लिहायला पुरावाच झाला!" लगेच पट्टी घेऊन वहीत रकाने आखले. बाईंनी खुर्ची उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. साहेबांनी पाठीमागे नाणं उडवायचं. छापा पडला तर बाणवाला फ्यूज, काटा पडला तर साधा काचेचा. दर खेपेला यंत्र बंद करायचं, फ्यूज काढून पुन्हा घालायचा, मग तीच रेकॉर्ड. बाईंनी फक्त सांगायचं, साधा की बाणवाला. अशा दहा खेपा.

बाईंचा हिशेब सरळ होता. आपल्याला तोंड दिसणार नाही, म्हणजे काहीच कळणार नाही. निम्मी उत्तरं चुकतील. साहेब मोजण्यातले आहेत, वही बघून त्यांचं तेच समजतील. म्हणजे बोलायचं ते वहीनं, बाईंनी नाही! भित्र्या माणसाची अक्कल कशी धावते बघा.

पहिली खेप. खटका बंद झाला, मागचं झाकण फिरलं, पुन्हा फिरलं, खटका चालू झाला. व्हायोलिन वाजलं. बाईंनी आपलं ठोकून दिलं, "साधा."

दुसरी खेप. खटका, झाकण, आणि मग काहीच नाही. बारीकशी चाहूल लागली, साहेब दोन पावलं खिडकीकडे गेले. चष्मा कपाळावर चढवल्याचा आवाज. दोन श्वास. परत आले, झाकण फिरलं. बाईंना कळलं. साहेब उजेडात धरून बाण कुठल्या बाजूला आहे ते बघत होते! साध्या फ्यूजला बाण नाही, तो कसाही घातला तरी चालतो. बाणवाल्याला मात्र खिडकीपर्यंत जावंच लागतं.

व्हायोलिन तेच वाजत होतं. पण आता उत्तर बाईंना ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी कानांवर हात ठेवून पाहिले. तरी पावलं कळलीच. बावीस वर्षं बारीकात बारीक आवाज ऐकलेले कान ते, ऐकू नका म्हटलं तर ऐकतात होय? चुकीचं सांगावं असंही मनात आलं. पण मुद्दाम चुकीचं सांगायचं म्हणजे पुन्हा खोटंच. आणि बरोबर सांगावं, तर ते सगळ्यात मोठं खोटं. बाई हैराण झाल्या. तोंडातून आपोआप उत्तरं जात राहिली. बाणवाला. साधा. बाणवाला. बाणवाला.

सहावी खेप झाल्यावर साहेबांना राहवेना. "सहापैकी सहा! अगं, सहापैकी सहा! थांब, फ्यूजवाल्याला सांगतो." त्यांनी फोन उचललासुद्धा.

बाई खुर्चीतून उठल्या. "फोन ठेवा."

"अगं, पण..."

"ठेवा म्हणते ना! मी व्हायोलिन ऐकत नव्हते. मी तुम्हाला ऐकत होते." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. खिडकीकडची दोन पावलं सांगितली, चष्मा सांगितला. तिथवर साहेब नुसते बघत होते, थोडे कौतुकानंच. मग बाईंनी भुवयांचं सांगितलं. पहिल्या रविवारपासूनचं सांगितलं. "मला एकदाही फरक कळला नाही हो. आठ वर्षांत एकदाही नाही. तुम्हाला बरं वाटायचं म्हणून मी बोलायचे. तुम्ही यावर नोकरी सोडाल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

साहेब खाली बसले. ओरडतील, वही फेकतील, असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी तसं काहीच केलं नाही. खिशातून पेन काढलं आणि वहीतल्या त्या सहा उत्तरांवरून एक सरळ रेघ मारली.

"ही तपासणी रद्द," ते कोरड्या आवाजात म्हणाले. दुकानदाराशी बोलताना लागायचा तसा आवाज. "काट्याला बोट लागलं की ती नोंद धरत नाहीत. पुन्हा करायची."

"अहो, कशाला आता..."

"पुन्हा करायची."

या वेळी फ्यूज बदलेपर्यंत बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभं राहायचं. खटका लावला की साहेबांनी गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचं. मग बाईंनी येऊन ऐकायचं आणि उत्तर कागदावर लिहायचं. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही, पाऊलही ऐकायचं नाही. दहाच्या दहा खेपा अशा केल्या. सासूबाई मध्ये एकदा उठून विचारून गेल्या, "नळ का वाहतोय गं सारखा?"

दहापैकी चार बरोबर आली.

"आता माझं," साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले. आता तशाच रीतीनं फ्यूज बाईंनी बदलले. साहेबांनी डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, अगदी जीव ओतून ऐकलं. बाईंनी शेवटी वही पुढे केली. पाच बरोबर, पाच चूक. साहेबांनी दोनदा मोजलं.

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग साहेब म्हणाले, "पहिल्या रविवारी मलाही काही कळलं नव्हतं. पैसे वाया गेले म्हणून मनातून खट्टू झालो होतो. म्हटलं, हिला विचारून बघावं. तू मोकळं वाटतंय म्हणालीस. म्हटलं, ही कान तपासणारी बाई, हिला कळतंय म्हणजे असणारच. मग मलाही यायला लागलं ऐकू. खरंच यायचं गं. खोटं नाही सांगत."

ही आपल्या तोंडाकडे बघतेय हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि हे आपल्या शब्दावर ऐकताहेत हे हिला.

साहेबांनी फोन उचलला. बाईंचा जीव टांगणीला लागला. फ्यूजवाला म्हणजे सतत तोंडाचा पट्टा चालू असलेला माणूस. उद्या सगळ्या ओळखीपाळखीत बोभाटा होणार, काटेसाहेबांची बायको आठ वर्षं थापा मारत होती. दवाखान्यापर्यंत जाईल. आणि चूक तर आपलीच, तोंड वर करून म्हणणार काय?

"हॅलो. हो, मीच. अहो, ते भागीदारीचं राहू द्या." पलीकडून बरंच काही आलं असावं. साहेब ऐकत राहिले. "नाही, आज नीट मोजून पाहिलं. मला फरक ऐकू येत नाही. माझंच माप चुकलं इतकी वर्षं, मीच तुम्हाला भरीला घातलं... कोण, ती? तिचे कान काय, उत्तमच आहेत. ती कधीच काही बोलली नव्हती. मीच तिच्या नावावर खपवत होतो. आणि ती पाटी करायला टाकली असेल तर थांबवा." त्यांनी फोन खाली ठेवला.

बाई बघतच राहिल्या. हा तोच माणूस, ज्यानं सख्ख्या मेहुण्याचा काटा सोडला नव्हता!

"अहो, असं का सांगितलंत? खोटं कशाला बोललात त्याच्याशी?"

"तू आठ वर्षं बोललीस. मी एकदा बोललो."

साहेब हसले नाहीत. भुवया वरही नव्हत्या आणि कपाळाला आठीही नव्हती, बाईंना त्या तोंडावरून काहीच कळेना. त्या तिथेच खुर्चीत बसून रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या, नाक ओढत.

"रागावलात ना माझ्यावर?"

"हो. खूप." साहेबांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या मांडीवर टाकला. "उद्या सोमवार, मंडईतले काटे तपासायचेत, सातला निघावं लागेल, डबा लवकर कर. आणि आता रडू नकोस. तू रडलीस की मला नीट रागावता येत नाही."